आधी ताट, मग वाट : अकोल्याच्या डोंगरात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आधी एक खुलासा, नाहीतर गाडी चुकेल. मी सांगतेय ते अकोले, अकोला नव्हे. अकोला विदर्भात. अकोले अहिल्यानगर जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, जिथे जिल्हा संपतो आणि सह्याद्रीचा कडा थेट खाली कोकणात सुटतो तिथे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदरा ही एरवी सुटी सुटी ऐकलेली नावं या एकाच तालुक्याच्या नकाशावर दाटीवाटीने बसलेली सापडतात.

इथे बहुतेक जण डोंगर चढायला येतात आणि जेवण म्हणजे मिळेल ते, असं धरून चालतात. मीही तशीच गेले होते. जुलैतला शनिवार, दुपारचे दोन वाजलेले, अंगावर ओले कपडे आणि पोटात कावळे. गावातल्या एका घरासमोर उभी राहून हाका मारल्या. घरात म्हातारी आजी आणि एक शाळकरी मुलगी, बाकी सगळं घर भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला. खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईला कोण म्हणणार, की मावशी, वर या आणि भाकऱ्या थापा? त्या मुलीने बिचारीने पाकिटातल्या शेवया उकळून दिल्या. भोवती डोळे पोचतील तिथवर हिरवंगार शेत, बांधावर भाजी उगवलेली, आणि मी ठाण्याहून येऊन वाण्याच्या दुकानातल्या शेवया खातेय.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने बेत आखते. आधी कोणत्या महिन्यात काय खायचंय ते ठरवते, मग ते ज्या घरी मिळेल ते घर, आणि मग त्या घरापासून चालत जाता येईल अशी वाट. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच क्रम सांगते.

महिना कोणता?

शेतातलं खायचं तर शेताचं पंचांग पाहावं लागतं. अकोल्याचा पश्चिम भाग धो-धो पावसाचा. घाटघरला तर नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. भात, नागली (नाचणीला इथे नागलीच म्हणायचं), वरई आणि खुरासणी (म्हणजे कारळे) ही इथली पिकं, सगळी पावसावर.

जून सरता सरता आणि जुलैत रानभाज्या येतात : कुरडू, भारंगी, फोडशी, टाकळा, चाई. पण याच दिवसांत आवणी असते, घरातल्या बायकांना उसंत नसते, ओढे भरलेले असतात आणि वरच्या वाटांवर धुकं इतकं, की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. जिभेला सोन्याचे दिवस, पायाला अवघड. पहिल्याच खेपेला हा महिना घेऊ नका. घ्यायचाच तर गड विसरा, गावाच्या शिवारातच हिंडा.

ऑगस्टात करटुली आणि मांडवावरच्या काकड्या. सप्टेंबर संपता संपता खुरासणी फुलते आणि उतारच्या उतार पिवळे होतात. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, वाटा अजून हिरव्या. दोडकी, घोसाळी, घेवडा, भोपळा, सगळं परसात लगडलेलं. नवख्या माणसाने यावं ते या दिवसांत, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. फक्त नवरात्रात कळसूबाईच्या बाजूला देवीच्या दर्शनाची गर्दी असते, हे लक्षात ठेवा. यात्रा पाहायची असेल तर मुद्दाम या, शांतता हवी असेल तर ते नऊ दिवस टाळा.

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे नवा तांदूळ, नवी नागली, खळ्यावरची धांदल, वालाच्या शेंगा आणि कडाक्याची थंडी. माझा स्वतःचा आवडता काळ हाच. साध्या पिठल्याबरोबर नव्या तांदळाचा वाफाळता भात मिळाला, तर त्या दिवशी गड चढला काय न चढला काय!

मार्चपासून सगळं वाळतं. करवंदं, जांभळं आणि आंबे मिळतात, पण पाण्याचे हाल सुरू होतात. समोर भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो आणि वरच्या वाड्यांवर बाया हंडे घेऊन उतरत असतात. प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांनी 1910 ते 1926 या काळात बांधलं ते खालच्या, राहुरी-श्रीरामपूरकडच्या शेतीसाठी. उन्हाळ्यात गेलात तर अंघोळ एका बादलीत उरका, आणि तीही विचारून. मेअखेरीला, पहिल्या पावसाच्या आधी, काजवे येतात. त्या आठवड्यांत भंडारदरा परिसरात गाड्यांच्या रांगा लागतात. काजवे बघायचेच असतील तर मधल्या वारी या. बॅटरी आणि फोनचा फ्लॅश बंद ठेवा, कारण उजेडाने त्यांचा आपसातला खेळच मोडतो.

घर शोधताना

भंडारदऱ्याच्या आसपास राहायची सोय आता पुष्कळ आहे. धरणाजवळ शेंडी गावात हॉटेलं आहेत, जलाशयाकाठी तंबू आहेत आणि गावागावांत घरगुती सोय आहे. रतनवाडी, साम्रद, बारी, पाचनई, पुरुषवाडी अशा गावांत लोक आपल्याच घरात पाहुणे उतरवतात. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. मी सांगतेय तो बेत या घरांसाठी आहे.

'शेतातलं ताजं जेवण' अशी पाटी पाहून भुलू नका. एकदा अशाच एका पाटीखाली मी पनीरची भाजी आणि गार पोळ्या खाल्ल्यात, त्याही भरपूर पैसे मोजून. तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न विचारते : "ताई, शनिवारी जेवायला काय असेल?"

पलीकडून भाज्यांची यादी पाठ म्हटल्यासारखी आली, तर ते स्वयंपाकघर बाजारावर चालतं असं समजा. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्ही त्यासाठी निघालेला नाहीत. आणि "आत्ता कसं सांगू? त्या दिवशी काय निघंल ते बघू," असं उत्तर आलं, तर ते घर पक्कं करा.

मग पुढचं बोलून घ्या. किती माणसं, किती जेवणं, मुलं आहेत का, तिखट चालतं का. मांसाहार हवा असेल तर गावरान कोंबडीचं आधीच सांगावं लागतं. ती फ्रीजमध्ये नसते, अंगणात असते. उपासाला वरई करतात, पण तीही सांगून. जेवणाचा आणि राहण्याचा दर माणशी ठरवून घ्या आणि मग घासाघीस करू नका. पोचायची वेळ सांगा आणि ती पाळा. दोन तास उशीर होणार असेल तर कळवा, कारण नागलीची भाकरी पाहुणा दारात आल्यावरच तव्यावर पडते आणि तोवर चुलीपाशी कुणीतरी बसून राहिलेलं असतं.

फोन लागला नाही तर संध्याकाळी पुन्हा लावा. दिवसभर माणसं शेतात असतात आणि रेंजही डोंगराच्या मर्जीवर.

पोचायचं कसं

मुंबईकडून कसारा लोकलने कसाऱ्यापर्यंत, किंवा लांब पल्ल्याच्या गाडीने इगतपुरीला. पुढे घोटी आणि घोटीवरून बारी, शेंडी, राजूरकडे जाणारी एसटी किंवा शेअर जीप. नाशिककरांनाही घोटीवरूनच सोयीचं. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा सरळ रस्ता आहे. राजूर ही या पट्ट्याची बाजारपेठ. औषधं, बॅटरीचे सेल, राहिलेलं सामान तिथेच घ्या, पुढे फारसं मिळत नाही. रोख पैसे मात्र घरूनच आणा.

शेंडीपासून आतल्या गावांना गाड्या कमी. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरतो. स्वतःची गाडी नसेल तर यजमानांनाच विचारा, गावातली जीप ते सांगून ठेवतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते जाहीर झालं. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यायची आणि ती फिरून होईपर्यंत जपून ठेवायची.

आता कुठे उतरायचं? कळसूबाई करायची असेल तर बारी किंवा शेंडी. रतनगड करायचा तर रतनवाडी. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई, ती वाट तिथल्या इतर वाटांपेक्षा सोपी. तीन दिवसांत तिन्ही करायचा हट्ट धरू नका. तसं केलं तर जीपमध्येच दिवस जातात आणि जेवणं रस्त्यावरच्या टपरीवर होतात. पुढचं मी रतनवाडी धरून सांगते.

पहिला दिवस बांधावरच घालवा

दुपारपर्यंत पोचा, जेवा, थोडं लवंडा आणि उन्हं कलली की गावातलं अमृतेश्वराचं मंदिर पाहून या. शिलाहारांच्या काळातलं मानतात. दगडावरचं कोरीवकाम इतकं बारीक, की जवळून बघायला तासभर कमी पडतो. बाजूला बांधीव पुष्करणी आहे. तिच्यात पाय बुडवून बसू नका, ती देवाची आहे.

मंदिरातून परतताना घरच्या ताईंबरोबर परसात आणि बांधावर जा. हे सांगायला साधं वाटतं, पण अख्ख्या सहलीत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. मागच्या ऑक्टोबरात मी ज्या घरी उतरले होते त्यांचं परस जेमतेम चार खाटा मावतील एवढं. कुडाच्या न्हाणीवर घेवड्याचा वेल, पत्र्यावर भोपळा, न्हाणीचं पाणी जातं त्या ओलीत आळू आणि केळ. मांडवाला दोडकी. कडेला मिरचीची सात-आठ झाडं, एक शेवगा, एक कढीपत्ता. वाया काही नाही, सांडपाणीसुद्धा नाही. ताईंनी घेवड्याच्या दोन वेली दाखवल्या, माझ्या डोळ्यांना सारख्याच.

"हा भाजीचा. आन् हा दाण्याचा. दाण्याच्या शेंगा आत्ता तोडायच्या नाहीत."

"ओळखायचं कसं?"

"अगं, सासूने लावला तेव्हापासून ओळखतेच की."

या बियाण्याची गोष्ट जाणून घ्यायची असेल तर त्याच तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतून मागे पडत चाललेली गावठी बियाणी गोळा केली, जपली आणि वाटली. बाएफ या ग्रामविकास संस्थेच्या मदतीने त्यांची बियाणे बँक उभी राहिली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाल-घेवड्याचेच किती प्रकार असू शकतात, हे तिथे कळतं. जायचं तर आधी विचारून जा. शेवटी ते राहतं घर आहे.

पावसाळ्यात गेलात तर बांधावर रानभाजी दिसेल. एक नियम पक्का ठेवा : स्वतःच्या हाताने काही खुडायचं नाही. कोवळ्या पानांत भाजी कोणती आणि विषारी कोणती, हे फोनवरचा फोटो सांगत नाही. कळलावीचंच बघा, लाल-पिवळं फूल दिसायला देखणं, आणि कंद विषारी. अभयारण्याच्या रानातलं तर पानही तोडू नका. ताई जे खुडतील ते टोपलीत धरा, एवढंच आपलं काम. कुरडूचा नुसता कोवळा शेंडा घेतात, टाकळ्याची कोवळी पानं. फोडशीची पात निवडताना मधली कडक शीर ओढून काढावी लागते. जुडी निवडायला अर्धा तास लागतो आणि शिजल्यावर मूठभर उरते. तेव्हा ताटात दुसऱ्यांदा मागताना जरा विचार करा.

चुलीपाशी

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसायची परवानगी मागा. बहुतेक घरी आनंदाने देतात, काही घरी चुलीपाशी चप्पल चालत नाही, काही घरी बाहेरच्यांनी यायची पद्धत नसते. विचारलेलं बरं.

नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गार पाण्यात मळत नाहीत. ताई भांड्यात पाण्याला आधण आणतात, काठवटीत पिठाचं आळं करून त्यात ते ओततात आणि उलथण्याने हलवतात. हाताला सोसेल इतकं निवलं की तळव्याच्या मुळाने रेटून मळतात, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. मग पिठावर थाप-थाप. भाकरी गोल फिरत फिरत मोठी होते, काठ चिरत नाही. उचलून तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी जाळापुढे उभी धरायची. फुगली की वाफेचा एक छोटा उसासा टाकते. मी आतापर्यंत थापलेल्या भाकऱ्यांपैकी एकही फुगली नाही. घरातली पोरं हसतात, मग माझी भाकरी मलाच वाढतात.

ताटात नागलीची भाकरी, परसातली भाजी, पिठलं किंवा हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, खुरासणीची चटणी, ठेचा, कांदा आणि शेवटी भात. तांदूळ कोणता ते जरूर विचारा. काळभात, रायभोग, जिरवेल, आंबेमोहर अशी जुनी वाणं या भागात काही घरांनी टिकवली आहेत. आंबेमोहर शिजत असेल तर विचारावंही लागत नाही, अंगणात कळतं.

पहिल्यांदा खाणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. भारंगी कडू असते, उकडून पाणी पिळून केली तरी थोडी राहतेच. पहिला घास घेऊन तोंड वाकडं करू नका, तिसऱ्या घासाला गोडी लागते. आणि शहरातल्या पोटाला नागली आणि रानभाजी एकदम भरपूर झेपत नाही. दुसऱ्या दिवशी गड आहे, रात्री अर्धी भाकरी कमीच खा. आग्रह होईल. "सकाळी चढायचंय" म्हटलं की सोडतात.

दुसरा दिवस : रतनगड

गडाची उंची सुमारे 1300 मीटर. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, 1646 मीटर. तरी मी नवख्यांना रतनगड आधी सांगते. कळसूबाईची वाट उघडी आहे, शनिवार-रविवारी लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते आणि वाटेत भजी-सरबताची दुकानं असतात. चुकायची भीती नाही, पण एकांतही नाही. रतनगडाची वाट दाट रानातून जाते, ऊन लागत नाही, आणि रान वाचायला मिळतं.

त्यासाठी वाटाड्या घ्या. यजमानांच्या घरातला किंवा शेजारचा कुणीतरी दादा येतो. वाट सापडावी म्हणून तर त्याला घ्यायचंच, कारण रानात एके ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा फुटतो आणि तिथे भले भले चुकतात. पण माझं कारण वेगळं आहे. काल ताटात जे होतं त्याचं रानातलं नातं तो दाखवतो. हिरड्याचं झाड दाखवतो, ज्याची फळं गोळा करून विकणं हा या घरांचा उन्हाळ्यातला आधार. करवंदीच्या जाळ्या दाखवतो, चाईचा वेल कुठे चढतो ते सांगतो. आमच्या दादांनी एका वळणावर थांबून नुसतं बोट केलं. झाडाच्या बुंध्यावर अस्वलाने ओरबाडल्यासारख्या खुणा होत्या. मी दोन पावलं मागे सरले. "बिबट्या नखं घासतो," ते म्हणाले आणि तंबाखू मळत पुढे चालू लागले.

वेळेचं गणित असं. साडेसहाला घर सोडा. सुरुवातीला वाट ओढा ओलांडत जाते. ही प्रवराच, इथे अजून बाळ आहे. पावसाळ्यात हाच ओढा एका सरीत फुगतो आणि परतीची वाट बंद करतो, म्हणून म्हटलं, जुलै नको. पुढे चढ लागतो, रान संपतं, आणि कातळाला टेकवलेल्या शिड्या येतात. तीन बिंदूंचा नियम पाळा : दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, नेहमी धरलेले हवेत. एका वेळी शिडीवर एकच जण. पाठीवरची पिशवी घट्ट बांधा, हातात काठी-फोन काही नको.

वर गणेश दरवाजा लागतो. जवळच गुहा आहेत, एकीत रत्नादेवी. मुक्काम करणारे गुहेत राहतात, पण पहिल्या खेपेला खाली घरीच परतलेलं बरं, शिवाय चूल खालीच आहे. पुढे राणीचा हुडा नावाचा पडका बुरूज, पाण्याची टाकी आणि सगळ्यात वर नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक, सुईला असतं तसं. त्यात बसलं की एका अंगाला जलाशय आणि दुसऱ्या अंगाला कोकणाची खोली. अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई, आजोबा, सगळे ओळीने. वारा इतका, की टोपी हातात धरून बसावं लागतं. आमच्यातल्या एकाची उडालीच. ती बहुधा शहापूर तालुक्यात पडली असावी.

साडेदहा-अकराला नेढ्यात पोचलात तर शिदोरी तिथेच सोडा, मात्र वाऱ्याच्या आडोशाला. शिदोरीत नागलीची भाकरी मागू नका, गार झाली की ती कडक होते. उकड काढून केलेली तांदळाची भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. सोबत सुकी चटणी, कांदा, गुळाचा खडा. फडक्यात बांधून घ्या म्हणजे कचराच होत नाही. पाणी माणशी तीन लिटर. टाक्यांचं पाणी गावकरी पितात, तुमच्या पोटाचा भरवसा तुम्हाला. बाराच्या आत उतरायला लागा. शिड्या उतरताना तोंड कातळाकडे.

खाली येईपर्यंत तीन वाजतात. हे घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवा : "जेवण तीनला." एक वाजता वाढून ठेवलेलं ताट तीनपर्यंत झाकून राहिलं, तर भूक दोघांचीही मरते, तुमची आणि करणाऱ्या माउलीची.

तिसरा दिवस

पाय दुखत असतात. अंगात असेल तर साम्रदला जाऊन सांदण दरी बघा, दोन कड्यांमधली अरुंद चीर. थोडं आत जाऊन परत यायचं, पूर्ण उतरणं हे दोरखंड आणि जाणकार माणसं असलेल्यांचं काम. पावसात तर तिकडे फिरकूच नका, ती पाण्याची वाट आहे. अंगात नसेल तर घाटघरच्या कड्यावर जीपने जा, किंवा कुठेच जाऊ नका. खळ्यावर बसून वाल सोलायला मदत करा. मला तिसऱ्या दिवशी तेच जमतं.

निघायच्या आधी हिशेब करा. राहणं, जेवणं, वाटाड्या आणि जीप, हे चारही वेगळे मोजा आणि ज्याचे त्याच्या हातात द्या. वाटाड्या घरचाच असला तरी त्याचा तो दिवस शेतातून काढलेला असतो. लहान मुलांच्या हातावर चॉकलेटं आणि दहा-दहाच्या नोटा ठेवू नका. पुढच्या पाहुण्यांपुढे ती हात पसरायला शिकतात आणि ते त्यांच्या आईला आवडत नाही. काही द्यायचंच असेल तर फोटोच्या छापील प्रती पोस्टाने पाठवा. मी पाठवलेला एक फोटो देवाच्या फळीवर, गणपतीशेजारी लावलेला पाहिलाय. त्यात मी न फुगलेली भाकरी हातात धरून उभी आहे.

तांदूळ, वरई, नागली विकत मिळते का ते विचारा. घरापुरतंच पिकलं असेल तर "यंदा नाही" म्हणतील, मग पुन्हा मागू नका. मिळालीच तर नागली पीठ करून न आणता अख्खी आणा आणि लागेल तशी दळा, पीठ फार दिवस चांगलं राहत नाही. गिरणीवाल्याला आधी सांगा, गव्हानंतर लगेच घालू नको. आणि नवा तांदूळ शिजवताना पाणी नेहमीपेक्षा कमी. पहिल्या वेळी माझी पेज झाली होती. मीठ आणि तूप घालून प्यायलो.